शिक्षक होणाऱ्याचा पाठ कोणी पाहिला? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : भावी शिक्षकांची अर्हता आणि आंतरवासितेचे (शाळेतील प्रत्यक्ष सरावाचे) वीस आठवडे.

महोदय,

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये मी सारी नोकरी केली आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एड. (शिक्षक-पदविका) केले की आमच्या पिढीची पात्रता पूर्ण होत असे. आज पहिली ते पाचवीला शिकवू इच्छिणाऱ्याला डी.एल.एड. (डी.एड.चेच आजचे रूप) करून १५० गुणांची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावी लागते, त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते आणि मग शिक्षकभरतीच्या शासकीय पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरून यादीची वाट पाहत बसावे लागते. अर्हता वाढली याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु या लांबलचक वाटेवर उमेदवाराला वर्गात उभे राहून शिकवताना पाहावे आणि मगच त्याला होकार किंवा नकार द्यावा, असा टप्पा कागदाबाहेर कोठेही उरलेला नाही, ही बाब मी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो. पाठपरीक्षा, म्हणजे वर्गात शिकवून दाखवण्याची परीक्षा, असते हे मला ठाऊक आहे. तीत नापास झालेला छात्राध्यापक (शिक्षक होण्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी) मात्र इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात आला नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि प्रत्यक्ष शाळेत वीस आठवडे काढण्याची, त्यांतील सोळा दुसऱ्या वर्षी काढण्याची अपेक्षा घातली. आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती हवी, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. नियम चांगला आहे. आमच्या भागात मात्र प्रवेश घेण्याआधीच ‘नॉन-अटेंडिंग चालेल का’, म्हणजे हजर न राहता चालेल का, हा प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर होकारार्थी देणारी महाविद्यालये कोणती, हे एसटी स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातही कळते. त्याच दुकानात पाठ टाचणांच्या (शिकवण्याच्या आराखड्यांच्या) तयार वह्या मिळतात.

माझ्या शाळेतील एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारी महिना होता. एका अध्यापक विद्यालयाचे लिपिक आठ छात्राध्यापकांचे हजेरीपत्रक आणि तारीख कोरी ठेवलेली आठ प्रमाणपत्रे घेऊन आले. त्या आठांपैकी एकच मुलगी मी पाहिली होती, कारण ती जवळच्या गावची होती आणि खरोखर रोज येत होती. बाकी सातांची नावेही मला नवीन होती. तरीही मी आठही कागदांवर सही करून शाळेचा शिक्का मारला. संस्थाचालक ओळखीचे होते, आणि मी अडवून काय होणार, दुसऱ्या शाळेत सही मिळेलच, असा विचार मी केला. हे लिहिताना मला संकोच वाटतो. पण मी ते लपवले, तर या पत्राला अर्थ राहत नाही.

त्या मुलीचा तिसरीतला गणिताचा तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला होता. बेचाळीसमधून सतरा वजा करायचे होते. वर्गात तांड्यावरचा एक मुलगा होता, आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन आठवड्यापूर्वीच परतलेला. फळ्यावर तिने ‘दशक सुटा करून’ असे तीन वेळा समजावले आणि तिन्ही वेळा तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला. मग तिने पिशवीतून तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले, चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि सतरा काड्या मागितल्या. त्याने आधी एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या, हात थांबला, आणि मग कोणी न सांगता त्याने दुसऱ्या गठ्ठ्याचे रबर सोडले. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या आजीकडून गोरमाटीतले (बंजारा बोलीतले) आकडे लिहून घेऊन आली होती. ही मुलगी पुढे टीईटीत ८६ गुणांवर अडकली; खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. टीईटी नको असा याचा अर्थ कृपया काढू नये. तिला भाषेचा आणि परिसर अभ्यासाचा पाया अजून पक्का करायला हवा होता, हे खरेच आहे. पण तिच्यात जे होते ते मोजणारा एकही रकाना आपल्या पद्धतीत नाही.

केवळ लेखी परीक्षेवर सारा भार टाकला की काय होते, हेही राज्याने पाहिले आहे. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीतील गैरव्यवहार उघडकीस आला तेव्हा साडेसात हजारांहून अधिक उमेदवार त्यात सापडले. त्याआधी डी.एड. विद्यालयांचे पीक आले होते. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग सर्वोच्च न्यायालयाने नेमला तो महाराष्ट्रातील डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातूनच, आणि देशातील सेवापूर्व प्रशिक्षण संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खाजगी क्षेत्रात आहेत, असे त्या आयोगाने २०१२ साली नोंदवले. पुढे भरती थांबली, विद्यार्थी आटले आणि मराठवाड्यातील कितीतरी विद्यालयांच्या पाट्याही उतरल्या. अर्हतेबाबतचे निर्णयही स्थिर राहिले नाहीत. २०१८ मध्ये बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले गेले आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण वेगळे असते, हे त्या निकालाचे मर्म मला पूर्ण मान्य आहे. आता त्याच न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालामुळे, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटीला बसावे लागत आहे. त्यांच्याविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पदवी व्हायची आहे. दोन वर्षांची खोटी हजेरी चार वर्षांची झाली तर मुलांच्या पदरात काय पडणार? आमच्याकडे दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे असतात. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उमरगा-उदगीरकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी बोलणारी मुले पहिलीत येतात. दिवाळीनंतर अर्धा पट साखर कारखान्यांच्या वाटेला लागतो आणि पाडव्याच्या सुमारास मुले परततात तेव्हा मागचे सारे पुसलेले असते. बहुवर्ग अध्यापनावर प्रश्नपत्रिकेत चार पर्याय देता येतात; ते करायचे कसे, हे अशा शाळेत महिने काढल्यावरच कळते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत डी.एल.एड.च्या आंतरवासितेसाठी शाळा नेमून देण्याचे काम अध्यापक विद्यालयांकडून काढून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे सोपवावे, त्यासाठी तेथील अधिव्याख्यात्यांची रिक्त पदे भरावीत, आणि छात्राध्यापकांची हजेरी शिक्षकांप्रमाणेच शाळेत रोजच्या रोज नोंदवली जावी. बी.एड. उच्च शिक्षण खात्याकडे येते, त्यामुळे आपल्या सहकारी मंत्र्यांशी बोलल्याशिवाय तेथे काही होणार नाही, याची मला कल्पना आहे. गरिबाघरची मुलगी सोळा आठवडे स्वखर्चाने ये-जा कशी करील, हा प्रश्नही उरतो. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्ण तरुणाला दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन देऊन शासनाने शाळांमध्येही पाठवले. अध्यापनाचे शिक्षण घेत असलेल्या छात्राध्यापकाला मात्र त्याच शाळेत एक रुपयाही मिळत नाही. ही विसंगती दूर करणे आपल्या हातात आहे.

दुसरी विनंती शिक्षणसेवकांबाबत, म्हणजे नियमित होण्याआधी मानधनावर काम करणाऱ्या नव्या शिक्षकांबाबत, आहे. प्रत्यक्ष पाठाला निवड यादीत गुण द्यावेत असे मी म्हणणार नाही, कारण गुण आले की त्यांच्यामागून वशिला येतो आणि पैसाही येतो. पण १६,००० रुपये मानधनावरचा तीन वर्षांचा शिक्षणसेवक कालावधी आधीपासूनच आहे आणि तो आज हजेरी व गोपनीय अहवाल यांवर सहज पार पडतो. या काळात दरवर्षी किमान सहा पाठ जिल्ह्याबाहेरच्या दोन अनुभवी शिक्षकांनी पूर्वसूचना न देता पाहावेत, उणिवा लेखी कळवाव्यात, आणि नियमित करण्याच्या आदेशाला ते अभिप्राय जोडावेत. निवृत्त शिक्षकांतून अशी माणसे मिळतील. प्रवासभत्त्यापलीकडे कशाचीही अपेक्षा न ठेवता मी हे काम करायला तयार आहे. फक्त मला परभणीऐवजी हिंगोली किंवा नांदेड जिल्हा द्यावा, म्हणजे ओळखीचे संस्थाचालक कागद घेऊन दारात येणार नाहीत.

आपला,
एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक,
ता. गंगाखेड, जि. परभणी.