कास्तियाला ‘बदली खेळाडूंचा संघ’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय फुटबॉलच्या बातम्यांत ‘रिअल माद्रिदचा राखीव संघ’ हा उल्लेख वारंवार येतो. कधी ‘रिअलच्या बदली खेळाडूंचा संघ’ असेही छापले जाते आणि नाव बहुतेक वेळा ‘कॅस्टिला’ असते. स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ‘कास्तिया’ होतो. नावाचे एक वेळ सोडून देऊ, पण ‘राखीव’ म्हटले की मुख्य संघात जागा न मिळालेले, बाकावर बसून कंटाळलेले खेळाडू कुठेतरी सरावाचे सामने खेळत असतील असे वाचकाला वाटते. कास्तियाच्या बाबतीत हे सपशेल चूक आहे, आणि क्रीडा पानावर दुरुस्त व्हावे इतके महत्त्वाचेही आहे.

आधी नियम. स्पेनमध्ये मुख्य संघाच्या नोंदणीवर जास्तीत जास्त २५ खेळाडू असतात आणि १ ते २५ हे क्रमांक त्यांनाच मिळतात. त्यातला एखादा दुखापतीतून उठला आणि त्याला सामन्याचा सराव हवा असला, तरी तो खाली कास्तियाकडून खेळू शकत नाही. उलट दिशेचा रस्ता मात्र मोकळा असतो. कास्तियाच्या नोंदणीवरचा २३ वर्षांखालील खेळाडू रविवारी मुख्य संघाकडून उतरू शकतो आणि पुढच्या आठवड्यात परत कास्तियाकडून खेळू शकतो. म्हणूनच अशा मुलांच्या पाठीवर २५ च्या पुढचे आकडे दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओसासुनाविरुद्ध मुख्य संघाचा बचावपटू मिलिताओ जखमी होऊन बाहेर गेला आणि राऊल असेन्सिओने पदार्पण केले, तेव्हा त्याचा क्रमांक ३५ होता. २०२५ च्या क्लब विश्वचषकात ४ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा गोन्सालो गार्सिया ३० क्रमांकाने खेळत होता, आणि त्याआधीच्या मोसमात त्याने कास्तियाकडून लीगमध्ये २५ गोल केले होते. याला दुसऱ्या बाजूनेही लगाम आहे. मुख्य संघाच्या सामन्यात मैदानावर कोणत्याही क्षणी किमान ७ खेळाडू मुख्य नोंदणीवरचे असावे लागतात. त्यामुळे क्लबला कास्तियाचा अख्खा संघ उचलून वरच्या सामन्यात उभा करता येत नाही.

इंग्लंडची पद्धत वेगळी आहे. तिथे क्लबांचे दुसरे संघ आपापसात स्वतंत्र लीग खेळतात आणि ठरावीक संख्येने मोठ्या वयाचे खेळाडूही त्यांत उतरवता येतात. आपल्याकडच्या बातम्या बहुतांशी इंग्रजी वृत्तसंस्थांकडून येतात. तिकडची कल्पना मनात ठेवून स्पेनबद्दल लिहिले गेले की घोटाळा होतो. स्पेनमध्ये दुसरा संघ देशाच्या लीगच्या उतरंडीतच खेळतो. समोर ३०-३२ वर्षांचे, याच खेळावर घर चालवणारे व्यावसायिक असतात. गुणतक्ता खरा, बढती खरी, घसरणही खरी.

या उतरंडीला एकच कुलूप आहे: एका क्लबचे दोन संघ एकाच श्रेणीत खेळू शकत नाहीत. मुख्य संघ पहिल्या श्रेणीत असेल तर दुसऱ्या संघाची धाव दुसऱ्या श्रेणीपर्यंतच. बार्सिलोना ब संघ २०१०-११ मध्ये लुईस एन्रिकेंच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीत तिसरा आला, तरी त्याला बढतीच्या लढतींत प्रवेश नव्हता. याच नियमाची खाली पडणारी बाजू त्याहून कठोर आहे. २०११-१२ मध्ये विआरेआल पहिल्या श्रेणीतून घसरला आणि त्याच्या ब संघाला दुसऱ्या श्रेणीतले स्थान मैदानावर राखूनही तिसऱ्या श्रेणीत जावे लागले. वर्षभर मेहनत या मुलांची आणि पराभव दुसऱ्यांचे. तरीही नियम योग्यच आहे असे आमचे मत आहे. एकाच मालकाचे दोन संघ एकमेकांविरुद्ध गुणांसाठी खेळू लागले तर निकालांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता इतिहास. कास्तियाची मुळे ‘प्लुस उल्त्रा’ या क्लबात आहेत. त्याच नावाच्या विमा कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी तो १९३० मध्ये काढला. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्याचे रिअल माद्रिदशी संधान बांधले गेले आणि पुढे तो रिअलचा दुसरा संघ झाला. पन्नासच्या दशकात तो दुसऱ्या श्रेणीतही खेळला. पैशांच्या ओढाताणीत प्लुस उल्त्रा बंद पडला आणि २१ जुलै १९७२ रोजी त्याच्या जागी कास्तिया क्लब उभा राहिला. कायद्याने तो वेगळा क्लब होता, स्वतःच्या नावाचा, रिअलशी संलग्न. १९७८ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत चढला.

वेगळा क्लब असल्यामुळे त्या काळी कास्तियाला राजाच्या चषकात, म्हणजे कोपा देल रेमध्ये, खेळायची मुभा होती. १९७९-८० ची ती मोहीम स्पॅनिश फुटबॉलमधली एक अजोड घटना आहे. दुसऱ्या श्रेणीतल्या या पोरांनी पहिल्या श्रेणीतले चार संघ बाद केले: एर्कुलेस, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, रिआल सोसिएदाद आणि स्पोर्तिंग गिहोन. त्यातले शेवटचे दोन काही ऐरेगैरे नव्हते. त्या मोसमात लीगमध्ये रिआल सोसिएदाद दुसरा आणि स्पोर्तिंग तिसरा आला. पहिला होता रिअल माद्रिद. म्हणजे लीगमध्ये वडील भावाचा पिच्छा पुरवणारे दोघेही धाकट्याने आटोपले होते.

४ जून १९८० रोजी रिअलच्याच सान्तियागो बेर्नाबेउ मैदानावर अंतिम सामना झाला: रिअल माद्रिद विरुद्ध कास्तिया. निकाल ६-१, अर्थातच रिअलच्या बाजूने. हा आकडा देऊन कास्तियाची मोहीम निकालात काढणे सोपे आहे. पण गोलरक्षक आगुस्तिन आणि मधल्या फळीतला रिकार्दो गायेगो हे त्याच कास्तियातले. दोघांनी पुढची कित्येक वर्षे मुख्य संघात काढली, आणि गायेगो स्पेनकडून विश्वचषकातही खेळला.

रिअलने लीग आणि चषक दोन्ही जिंकल्याने तो युरोपियन कपमध्ये, म्हणजे लीगविजेत्यांच्या स्पर्धेत, गेला आणि कप विनर्स कप या देशोदेशीच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेतली स्पेनची जागा उपविजेत्या कास्तियाकडे आली. पहिल्याच फेरीत गाठ पडली वेस्ट हॅमशी. गंमत अशी की वेस्ट हॅमही तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता, एफए कप जिंकून आलेला. बेर्नाबेउवर कास्तिया ३-१ ने जिंकला. त्या रात्री इंग्लिश प्रेक्षकांनी घातलेल्या गोंधळामुळे परतीचा सामना १ ऑक्टोबर रोजी वेस्ट हॅमच्या अप्टन पार्क मैदानावर बंद दाराआड झाला. उपस्थिती नोंदली गेली २६२. नव्वद मिनिटांनंतर वेस्ट हॅम ३-१ ने पुढे होता, म्हणजे दोन्ही सामन्यांची बेरीज ४-४. जादा वेळेत डेव्हिड क्रॉसने हॅट्ट्रिक पुरी केली आणि सामना ५-१ वर संपला. बाकावर कुजणाऱ्यांचा संघ युरोपीय स्पर्धेत एका इंग्लिश क्लबला जादा वेळेपर्यंत ताणत नाही.

चार वर्षांनी त्याहून मोठी गोष्ट घडली. प्रशिक्षक होते अमान्सिओ आमारो, साठच्या दशकातले रिअलचे नामवंत आघाडीवीर. हाताशी बुत्रागेन्यो, मिचेल, मार्तिन वास्केस, सान्चिस आणि पार्देसा. १९८३ च्या नोव्हेंबरात ‘एल पाईस’ या स्पॅनिश दैनिकाने या पाच जणांवर लिहिले आणि ‘किंता देल बुइत्रे’, म्हणजे गिधाडाची पलटण, हे नाव रूढ झाले. (गिधाडाला स्पॅनिशमध्ये बुइत्रे म्हणतात, बुत्रागेन्योचे ते टोपणनाव.) मिचेलने त्याआधीच, १९८२ मधल्या खेळाडूंच्या संपावेळी, मुख्य संघाकडून पदार्पण करून घेतले होते. सान्चिस आणि मार्तिन वास्केस ४ डिसेंबर १९८३ रोजी मुर्सियात उतरले. सामना १-० ने जिंकला आणि गोल सान्चिसचा. ५ फेब्रुवारी १९८४ रोजी कादिसमध्ये बुत्रागेन्यो बदली म्हणून आला आणि त्याने दोन गोल मारले.

असे मोहरे मोसमाच्या मध्यावर वर जाऊनही कास्तियाने १९८३-८४ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. दुसरा आला बिल्बाओ अ‍ॅथलेटिक, तोही अ‍ॅथलेटिकचा दुसरा संघ. दोघांनाही वर जाता येत नसल्याने तिसरा, चौथा आणि पाचवा असे एर्कुलेस, रासिंग सांतान्देर आणि एल्चे पहिल्या श्रेणीत चढले. ‘किंता’तल्या पाच खेळाडूंपैकी चौघांच्या कण्यावर रिअलने १९८६ ते १९९० अशी सलग ५ लीग विजेतेपदे जिंकली. पार्देसा सारागोसाला गेला आणि तिथे नाव कमावून बसला.

१९९० च्या सुमारास स्पॅनिश महासंघाने चौकट बदलली. संलग्न क्लबांना मूळ क्लबात सामावून घेतले गेले, कोपा देल रेचे दार त्यांना बंद झाले आणि ‘कास्तिया’ जाऊन ‘रिअल माद्रिद ब’ असे रुक्ष नाव आले. जुने नाव परत यायला २००५ उजाडले. दुसऱ्या संघांना चषकातून वगळणे हा आम्हाला तोटाच वाटतो. बाद फेरीची धास्ती आणि मोठ्या मैदानावरची संध्याकाळ या गोष्टी सरावाने शिकवता येत नाहीत.

त्याच २००५ मध्ये लोपेस कारो यांच्या कास्तियाने दुसऱ्या श्रेणीत बढती मिळवली आणि डिसेंबरात मुख्य संघाचे प्रशिक्षक लुशेम्बुर्गो यांना हटवल्यावर लोपेस कारोच वर गेले. २००६-०७ चा मोसम मात्र अभ्यासण्यासारखा आहे. प्रशिक्षक ‘किंता’तलाच मिचेल, संघात हुआन माता, नेग्रेदो, ग्रानेरो, कायेहोन. नावे वाचून कोणीही म्हणेल, हा संघ वरच्या पाचांत येईल. तो घसरला. दुसऱ्या संघाचे दुखणे यातच दिसते. वय २३ च्या आत, म्हणजे ४२ सामन्यांच्या मोसमात डोके थंड ठेवणारा जुना गडी नाही. आघाडीचा कोणी बहरला की मुख्य संघ त्याला उचलतो किंवा उन्हाळ्यात तो विकला जातो, त्यामुळे संघ दरवर्षी नव्याने बांधायचा. आणि तळातले प्रतिस्पर्धी क्लब हिवाळ्यात अनुभवी खेळाडू आणून डागडुजी करतात, दुसऱ्या संघाला ती सोय जवळपास नसतेच. मातासारखा खेळाडू तर त्या उन्हाळ्यात व्हॅलेन्सियाला निघून गेला.

आल्बेर्तो तोरिल यांच्या कास्तियाने २०१२ मध्ये परत बढती मिळवली. मोराता, हेसे, होसेलू, नाचो, कार्वाहाल अशी ती फळी. पुढच्या मोसमात हेसेने २२ गोल करून बुत्रागेन्योचा २१ गोलांचा कास्तियातला विक्रम मोडला, आणि ब्राझीलहून आलेला कासेमिरोही आधी कास्तियातच दाखल झाला. हेसे, नाचो, मोराता वर गेले आणि २०१४ मध्ये संघ पुन्हा घसरला. वर दिलेले कारण इथेही जसेच्या तसे लागू पडते.

याच सुमारास क्लबने एक व्यवहारी युक्ती रुळवली. खेळाडू विकायचा, पण ठरावीक रकमेला परत घेण्याचा हक्क करारात ठेवायचा. कार्वाहालला २०१२ मध्ये सुमारे ५० लाख युरोंना जर्मनीच्या लेव्हरकुसेनला दिले आणि वर्षभरात सुमारे ६५ लाखांना परत आणले. वरच्या दर्जाच्या लीगमध्ये एक पूर्ण मोसम, दर आठवड्याला खेळणे, आणि खर्च फरकापुरता. पुढे त्याने रिअलबरोबर ६ चॅम्पियन्स लीग जिंकल्या.

प्रशिक्षकांसाठीही हीच पायरी आहे. झिदान २०१४ मध्ये कास्तियावर आले, तेव्हा आवश्यक परवान्यावरून महासंघाने त्यांच्यावर ३ महिन्यांची बंदी घातली होती, ती पुढे उठली. ४ जानेवारी २०१६ रोजी ते मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले. राऊल गोन्सालेस २०१९ ते २०२५ इथेच होते. त्यांच्या कास्तियाने २०२३ च्या बढती लढतींत बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघाकडून पहिला सामना २-४ असा गमावला, परतीचा ३-० ने जिंकला आणि शेवटी एल्देन्सेपुढे हात टेकले. तिसऱ्या श्रेणीचे नाव आता ‘प्रिमेरा फेदेरासिओन’ आहे. २० संघांचा एक असे दोन गट, प्रत्येक गटातला पहिला थेट वर जातो आणि दुसरा ते पाचवा लढतींत उतरतात.

कास्तियाचे घर रिअलच्या वाल्देबेबास सराव संकुलातले आल्फ्रेदो दि स्तेफानो मैदान आहे. ते २००६ मध्ये सुरू झाले. क्षमता सुमारे ६,०००. बेर्नाबेउचे काम चालू असताना जून २०२० पासून मुख्य संघ तिथेच खेळला आणि १६ जुलै २०२० रोजी विआरेआलला २-१ ने हरवून लीगचे विजेतेपदही तिथेच मिळवले.

म्हणून विनंती अशी. ‘राखीव’ आणि ‘बदली’ हे शब्द मुख्य संघाच्या बाकावरच्या खेळाडूंसाठी ठेवावेत. कास्तियासाठी ‘दुसरा संघ’ किंवा नुसते ‘कास्तिया’ पुरेसे आहे. त्याच्या निकालाबरोबर श्रेणी आणि गट छापावा. आणि मुख्य संघाच्या बातमीत एखाद्या नव्या मुलाच्या पाठीवर २५ च्या पुढचा आकडा दिसला, तर तो कास्तियातून आला आहे का हे पाहून एक ओळ द्यावी.

आपले,
फुटबॉलचे नियमित वाचक