चेंबरमध्ये उतरणाऱ्याला कायद्याचे संरक्षण केव्हा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील ‘कायद्यापुढे समानता’ हे शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहेत. त्यांना जोडूनच आलेले ‘कायद्यांचे समान संरक्षण’ मात्र बोलण्यातून बहुधा गळून जाते. पहिल्या शब्दांनी विशेषाधिकार नाकारले, तर दुसऱ्यांनी दुर्बलाच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी शासनावर टाकली.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीसमोरचे चेंबर तुंबले, तेव्हा कंत्राटदाराने पाठवलेला विशीतला एक मुलगा कमरेला दोर बांधून आत उतरला. दोराचे दुसरे टोक त्याच्या चुलत्याच्या हातात होते. तोंडावर मुखवटा नव्हता, हातमोजे नव्हते, पायांत साध्या चपला होत्या. आम्ही रहिवासी नाकाला रुमाल लावून काम उरकण्याची वाट पाहत होतो. त्याला थांबवावे असे मलाही सुचले नाही, याची खंत अजून जात नाही.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ७ म्हणते की, कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण वा संस्था गटाराच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कोणाला कामावर लावणार नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द नीट वाचला, तर ‘तो कंत्राटदाराचा माणूस आहे’ असे सांगून आमच्या सोसायटीला हात झटकता येत नाहीत. शिवाय या कायद्यात ‘धोकादायक सफाई’ची व्याख्याच संरक्षक साधनांशी बांधलेली आहे, म्हणजे साधने न देता करवलेली सफाईच धोकादायक ठरते; त्यामुळे ती साधने खरोखर दिली होती की नाही हे झाकण उघडण्यापूर्वी कोणी पाहिलेच नाही, तर मागाहून कागदावर सारे नियमात बसवता येते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, १९९३ पासून गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. ती मिळायलाच हवी. परंतु भरपाई मृत्यूनंतर येते, आणि संविधानाने कबूल केलेले संरक्षण जिवंत माणसासाठी आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या वाट्याला आले, हे आपण सारे जाणतो. म्हणूनच १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मैला उचलण्यास किंवा झाडण्यास भाग पाडणे हा गुन्हा ठरवणारे कलम ७-क आले.

यंत्राने सफाई शक्य असताना माणूस का उतरवला, याचे लेखी कारण आणि साधने तपासल्याची अधिकाऱ्याची सही असल्याशिवाय कोणत्याही चेंबरचे झाकण उघडू देऊ नये, असा आदेश प्रत्येक नगरपालिकेने आणि महानगरपालिकेने काढावा. आमच्या सोसायटीच्या पुढील सभेत मी तसा ठराव मांडणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका