काका, ते निळे पट्टे तुमच्यामुळे निळे राहिले

ती. काकांस,
सा. न.

विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेक गावाजवळच्या एका घरात सामान विकायला काढलं होतं. तिथून बुटाचं खोकं भरून स्लाइड उचलल्या, तेव्हा मला गाड्यांचा नाद होता, फोटोतलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सगळ्या दाखवायच्या, असा माझा थोर बेत. तुम्ही फोनवरच म्हणालात, "अजिबात नाही!" कोडाक्रोम ही जुनी स्लाइड फिल्म अंधारात पन्नास-साठ वर्षं रंग धरून ठेवते, पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे तिचे रंग भराभर उडतात, हे तेव्हा कळलं. त्या घरच्यांनी खोकं माळ्यावर टाकलं, हे आपलं नशीबच.

मग सलग सात शनिवार तुमच्या तळघरात. स्लाइड तिरकी धरली की मागच्या बाजूला चित्राचा उठाव दिसतो, ती कोडाक्रोम. लालसर पडलेल्या निघाल्या एक्टाक्रोम, म्हणजे दुसऱ्या जातीच्या फिल्मच्या. त्यांत जिम हॉलची पांढरी चॅपरल ही शर्यतीची गाडी चक्क गुलाबी झाली होती. स्कॅनरची, चित्रातली धूळ आपोआप पुसायची सोय कोडाक्रोमवर नीट चालत नाही, म्हणून तुम्ही ती बंद केलीत आणि फुंकणी न् ब्रश घेऊन बसलात. मी कंटाळून दोनदा चहा करून आणला. तुम्ही मान वर केली नाहीत.

आणि ती 1952 ची स्लाइड! एल्कहार्ट लेकचा रोड अमेरिका हा चार मैलांचा शर्यतीचा ट्रॅक 1955 सालचा. त्याआधी शर्यती गावाभोवतीच्या साध्या रस्त्यांवर व्हायच्या. रस्त्याकडेला कनिंगहॅम सी-4आर ही अमेरिकन शर्यतीची गाडी उभी आहे, पांढरीशुभ्र, अंगावर निळे पट्टे. तेव्हा शर्यतीत देशादेशाचा रंग ठरलेला असे: इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा, तसा अमेरिकेचा पांढरा-निळा. पुढच्या वर्षी सेब्रिंगची 12 तासांची शर्यत सी-4आरनेच मारली. कृष्णधवल फोटोत हे पट्टे नुसते करडे दिसतात. स्कॅनरमधून अख्खं चित्र निळसर आलं, मी रंग सुधारायचं बटण दाबलं, तर पट्टे काळपट झाले! तुम्ही मूळ स्लाइड लाइट टेबलवर ठेवलीत आणि तिच्याकडे बघत बघत पडद्यावरचा रंग जुळवलात. एका फोटोला अख्खी दुपार. "पांढरं फार पांढरं करू नकोस, ऊन उतरतंय तिथे," एवढंच बोललात.

धावत्या गाड्या खोक्यात इतक्या कमी का, असं मी कुरकुरलो होतो. तेव्हाच्या कोडाक्रोमचा वेग, म्हणजे उजेड टिपायची ताकद, फक्त 10, फारच कमी. धावती गाडी टिपायची म्हणजे नुसता फराटा. म्हणून सगळे फोटो उभ्या गाड्यांचे, उघड्या बॉनेटचे, टायर बदलणाऱ्या माणसांचे. खरं सांगू, आता मला तेच जास्त आवडतात. मेकॅनिकच्या डगल्यावरचे ऑइलचे डागसुद्धा दिसतात.

पैशांचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. काकूंनाही नमस्कार, त्यांचं तळघर अडवलं आणि थालीपीठंही हाणली.

ती निळी, नंबर नसलेली गाडी अजून राहिली आहे. मी तिला स्कॅरब (तीही अमेरिकन शर्यतीची गाडी) म्हणतो, तुम्ही नाही म्हणता. शनिवारी भिंग घेऊन येतो.

तुमचा,
खोकंवाला