काच म्हणजे नुसतं भांडं नव्हे!

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला लिक्विड क्रिस्टलवरचा, म्हणजे द्रवासारखं वाहणाऱ्या पण रेणू एका दिशेनं रांगेत ठेवणाऱ्या रसायनावरचा, लेख वाचला. पडद्यातली काच म्हणजे रसायन धरून ठेवणारं 'भांडं', किमया सगळी विजेची, असं लेखकमहाशय लिहितात. माझा चहा तिथंच निवला. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मी 31 वर्षं परिचर होतो. ती भांडी मी घासलेली आहेत.

वीज रेणूंना उभं करते, मान्य. पण वीज गेल्यावर त्यांना परत आडवं कोण करतं हो? काचेचा पृष्ठभाग! काचेवर पॉलिमरचा पातळ थर द्यायचा, वाळला की मखमलीनं घासायचा, तेही एकाच दिशेनं. पुढं-मागं हात फिरला की काच बाद. मखमल खडेबाजारातून मीच आणायचो. काचेलगतचे रेणू घासल्या दिशेनं निमूट आडवे होतात आणि त्यांचं बघून पुढचे. दोन काचांमधली फट पाच-सहा मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. पण रेणूच्या मापानं बघाल तर हजारो रांगा. तिथवर काचेचा शब्द चालतो. दोन काचा काटकोनात घासलेल्या असल्या की एका काचेपासून दुसरीपर्यंत रांगा 90 अंश वळत जातात. तुमच्या घड्याळाचे आकडे त्यावर दिसतात. घासल्या काचेचा हा गुण फ्रान्सच्या शार्ल मोगँ यांनी 1911 साली नोंदवला होता. लेखातला इतिहास मात्र 1971 ला सुरू होतो!

एक प्रसंग सांगतो. एम.एस्सी.च्या मुलांचे प्रकल्प चालू होते. रसायन होतं फाइव्ह-सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल. ते साधारण 24 ते 35 अंशांतच कामाचं. डिसेंबरात सकाळी बाटलीत पांढरं गोठून बसायचं, मग मुठीत धरून ऊब द्यायची. त्या दिवशी दोन काचांमध्ये ते भरलं, सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये ठेवलं (ध्रुवक म्हणजे प्रकाशाचं एकाच दिशेचं कंपन सोडणारी गाळणी; एक आडवी, एक उभी लावली की मधल्या पदार्थानं ते कंपन बदललं तरच उजेड दिसतो), तर सगळं काळं. फिरवून बघितलं, तरी काळंच. सर सगळ्या मुलांदेखत म्हणाले, "मामा, महागाचं रसायन आहे. काय मिसळलंत त्यात?" मी काय मिसळणार? रसायनाच्या कपाटाची किल्लीसुद्धा सरांकडंच असायची.

त्याच ट्रेमधल्या उरलेल्या दोन काचा घेतल्या, त्याच बाटलीतलं रसायन भरलं. घासलेली दिशा ध्रुवकाशी 45 अंशांच्या कोनात आली की लख्ख उजेड! मग उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी एका मुलानं घासून तयार ठेवलेल्या चार काचांपैकी दोन 'चकाचक' करायला भांड्याच्या साबणात बुचकळल्या होत्या. माझा घासलेला थर गेला आणि साबणाचा बसला. साबणाच्या रेणूंची शेपटं काचेवर तरव्यासारखी उभी राहतात आणि लिक्विड क्रिस्टलचे रेणूही त्यांच्यात ताठ उभे होतात. प्रकाश त्यांच्या लांबीच्या दिशेनंच जातो, त्याचं कंपन बदलत नाही, म्हणून कुठंही फिरवा, अंधारच. रसायन तेच, वीज कुठं जोडलेलीच नव्हती, बदलली होती फक्त काचेची कातडी. सर "हं" म्हणाले आणि कँटीनला गेले. मी अजून त्या "हं"च्या पुढच्या शब्दाची वाट बघतोय. असो.

लेखात काच आणि रसायनाच्या सीमेला बेळगावच्या सीमेची उपमा दिलीय. कृपा करून हे थांबवा. सत्तर वर्षं झाली, आता रेणूंना तरी सीमाप्रश्नात ओढू नका. आणि एवढं कर्नाटक आठवलं, तर बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी 1977 साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल दाखवून दिले, ते कसं आठवलं नाही? तिकडचं चांगलं काही छापायचं नाही असा नियम आहे काय?

शेवटचं, छायाचित्राबद्दल. खाली 'रंगीबेरंगी नक्षी' असं छापलंय आणि वर नुसता काळा चौकोन. त्यातले रेणू उभे होते की तुमच्या छापखान्यात शाई सांडली होती, तेवढं कळवा. गेल्या महिन्यात पंचांगाचा रकानाही असाच काळा आला होता आणि घरात एकादशी चुकली.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
वडगाव, बेळगाव