पदवीबरोबर परवानाही विचारा

मा. संपादक,
स. न.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात आमच्या वहिनींची राजापूर तालुक्यातली थोडी जमीन गेली. सातबारा सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईला. सगळ्यांच्या सह्या आणि संमतीपत्रे जमवून मोबदल्याचा वाटा हाती यायला बरीच वर्षे लागली. पैसे खात्यात पडून महिना होतो न होतो तोच, गावातल्या एका ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन एक ‘आर्थिक सल्लागार’ घरी आले. कार्डावर नावाखाली ‘वेल्थ अॅडव्हायझर’ आणि त्याखाली ठळक ‘एमडीआरटी’. वहिनींनी त्यातले ‘एमडी’ तेवढे ओळखले आणि माणूस डॉक्टरांइतका शिकलेला आहे असे धरून चालल्या. ‘पाच वर्षांची एफडीच समजा’ या शब्दांवर त्यांनी ३ लाखांचा धनादेश लिहून दिला.

पुढच्या वर्षी आणखी ३ लाखांच्या हप्त्याची सूचना आली, तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे आणले. ती युलिप होती, म्हणजे बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, आणि हप्ता दहा वर्षे भरायचा होता. पॉलिसी हाती पडल्यावर ती नापसंत म्हणून परत करण्याची एक मुदत असते (आता ती ३० दिवसांची आहे), ती केव्हाच उलटून गेली होती. हप्ता थांबवला तर शुल्क कापून रक्कम वेगळ्या फंडात जाते आणि पाच वर्षे पुरी होईपर्यंत हाती येत नाही. घराचे छप्पर नवे करायला ठेवलेला पैसा असा अडकला.

एमडीआरटी म्हणजे काय, हे मी त्यानंतर मुद्दाम शोधून वाचले. ‘मिलियन डॉलर राउंड टेबल’ नावाची ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. वर्षभरात ठरावीक पातळीच्या वर विमा हप्ता, कमिशन किंवा उत्पन्न मिळवणाऱ्यांना तिचे सदस्यत्व मिळते. त्यात गैर काही नाही. भरपूर काम करणाऱ्या एजंटाची ती ओळख आहे. पण ती पदवी नव्हे आणि परवानाही नव्हे. हे वहिनींना कोणी सांगितले असते तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता.

मी टपाल खात्यात नोकरी केली. आमच्याकडे घरोघरी आरडी गोळा करणाऱ्या महिला प्रधान एजंट ताईंकडे सरकारी प्राधिकारपत्र असते. खातेदार ते मागू शकतो आणि आमच्या गावातल्या बायका बिनदिक्कत मागतही असत. शंभर रुपयांच्या हप्त्याला ओळखपत्र पाहणारी हीच माणसे लाखांच्या व्यवहारात कार्डावरच्या इंग्रजी अक्षरांपुढे गप्प बसतात. माझा सारा जीव याच गोष्टीसाठी तुटतो.

विमा विकणाऱ्याला परीक्षा देऊन विमा नियामकाच्या, म्हणजे ‘इर्डाई’च्या नियमांनुसार एजंट व्हावे लागते. तो विकू शकतो तो विमाच. म्युच्युअल फंडाच्या वितरकाकडे ‘अॅम्फी’चा, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेचा, एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, २०१३ च्या नियमांखाली नोंदणी लागते आणि त्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आयएनए’ अशी असते. फंड विकणाऱ्या वितरकाने अशी नोंदणी नसताना ‘वेल्थ अॅडव्हायझर’सारखे बिरुद लावायचे नाही, हा नियमही २०२० पासून आहे. फंड वितरक आणि सल्लागार यांच्या परीक्षा ‘एनआयएसएम’ ही संस्था घेते. तिचे संकुल आपल्याच कोकणात, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. तिचे प्रमाणपत्र तीन वर्षांपुरते असते, म्हणून भिंतीवरच्या चौकटीतली तारीखही वाचावी.

सीएफपी, सीएफए, सीए ही अक्षरे मात्र खऱ्या अभ्यासाची आहेत. सीएफपी घरच्या एकूण आर्थिक नियोजनाचे, सीएफए गुंतवणुकीच्या विश्लेषणाचे (त्याच्या तीन पातळ्यांच्या परीक्षा असतात), तर सीए मुख्यतः हिशेब, लेखापरीक्षण आणि कराचे. असा माणूस भेटला तर चांगलेच, पण शिक्षण वेगळे आणि परवानगी वेगळी. वकिलीची पदवी असली तरी सनद लागतेच ना!

कमिशनवर चालणारा प्रत्येक जण फसवतो असे मी म्हणणार नाही. आमच्या देवगडात एक वितरक आहेत. ते पहिल्याच भेटीत सांगतात, ‘मला फंड कंपनीकडून कमिशन मिळते, तुम्हाला नको असेल तर डायरेक्ट, म्हणजे बिनकमिशनच्या, योजनेत स्वतः पैसे घाला.’ अशा माणसाकडे मी निर्धास्त जाईन. आणि आपणही सल्ला फुकट हवा हा हट्ट सोडायला हवा. आंब्याच्या कलमांवर फवारणी काय करायची हे विचारायला आपण जाणकाराला पैसे मोजतो. आयुष्यभराच्या पुंजीसाठी फी द्यायला मात्र जड जाते, आणि मग ती दुसऱ्या वाटेने, न दिसता जाते.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे. सेबी, अॅम्फी आणि इर्डाई यांच्या संकेतस्थळांवर नाव किंवा क्रमांक टाकून माणूस कसा तपासायचा, सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार कशी नोंदवायची, हे चित्रांसह मराठीत छापा. गणपतीच्या दिवसांत छापलेत तर फार बरे. चाकरमानी मुले घरी असतात, ती मोबाइलवर आईवडिलांना दाखवतील.

प्रांत कार्यालयांनाही एक सांगणे आहे. मोबदला वाटताना खातेदाराला या विषयावर मराठीत अर्ध्या पानाचे पत्रक द्यावे. वहिनींना रक्कम घ्यायला या म्हणून नोटीस तिथूनच आली होती. त्याच लिफाफ्यात ते पत्रक मावले असते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोस्टमास्तर,
देवगड, जि. सिंधुदुर्ग