फिल्टर लावूनही गाळ आमच्याच पदरात

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डेटाबेसमधील वर्षाचे फिल्टर चुकीचे चालत असल्याबाबत

महोदय,

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयाचा ग्रंथपाल. आपल्या संशोधन-लेखांच्या डेटाबेसची वर्गणी भरता यावी म्हणून आम्ही यंदा चार छापील नियतकालिके बंद केली. त्यामुळे ही तक्रार जरा तिखट वाटली तर समजून घ्यावे.

आमची एम.ए. भूगोलाची एक विद्यार्थिनी ऑगस्ट २०१९ मधील पंचगंगेच्या महापुरावर लिहिते आहे. सुरुवातीला तिने नुसते 'कोल्हापूर' टाकले आणि पुढ्यात आले रसायनशास्त्राचे ढीगभर लेख. लेखकांच्या पत्त्यात कोल्हापूर होते, एवढाच त्यांचा संबंध. यात दोष आपला नाही. शोध सगळ्या रकान्यांत न करता शीर्षक, विषय आणि सारांश एवढ्यातच करायचा, पुराला इंग्रजीत जे दोन-तीन शब्द आहेत ते 'ऑर'ने (म्हणजे यातला कोणताही एक असला तरी चालेल) जोडायचे, हे मी तिला शिकवले. मग तिने २०१९ पासून पुढची वर्षे निवडली, 'पीअर रिव्ह्यूड' (म्हणजे छापण्याआधी त्या विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेले) आणि 'पूर्ण मजकूर' यांवर खूण केली. ३४ नोंदी उरल्या. पोरगी खूश.

त्या ३४ पैकी ११ लेख २००५ च्या पुरावरचे निघाले, २००६-०७ साली छापलेले! आपले फिल्टर लेख छापल्याचे वर्ष बघत नाही, तो आपल्या संकेतस्थळावर चढवल्याचे वर्ष बघते. तसे तिथे कुठेही लिहिलेले नाही. लिहिले आहे 'प्रकाशन वर्ष'. यातल्याच एका लेखातली पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी तिने २०१९ च्या तक्त्यात भरली. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका हे इथे पावसाळ्यात शेंबड्या पोरालाही पाठ असते आणि २०१९ ला पाणी कुठवर आले होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आकडा मला खटकला. दुसऱ्या गावच्या ग्रंथपालाच्या नजरेतून तो सहज निसटला असता.

दुसरे म्हणजे, एखादा लेख उघडून मागे आले की फिल्टर गुपचूप निघून जातात, पण खुणा तशाच दिसत राहतात. चहाची गाळणी कुणी काढून घेतली तर निदान पहिल्या घोटाला कळते तरी.

'पीअर रिव्ह्यूड'च्या यादीत पुस्तक परीक्षणे आणि संपादकीयेही येतात. तो शिक्का नियतकालिकाला असतो, त्यातल्या प्रत्येक मजकुराला नव्हे, हे मला माहीत आहे. विद्यार्थ्यांना माहीत नसते. तिथे एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

याबाबत आपल्याला तीन मेल पाठवले. तिन्हींना एकच उत्तर आले : 'ब्राउझरची कॅशे साफ करा.' केली. ग्रंथालयातल्या सहाही संगणकांवर केली. २००६ चा लेख अजून २०२० मध्येच बसला आहे. स्क्रीनशॉट पुन्हा जोडत आहे.

वर्षाचे फिल्टर छपाईच्या वर्षावर चालावे आणि मागे आल्यावर लावलेले फिल्टर टिकावेत, एवढी मागणी आहे. कधीपर्यंत होईल ते तारखेसह लेखी कळवावे. नूतनीकरणाचा प्रस्ताव फेब्रुवारीत ग्रंथालय समितीपुढे जातो आणि त्यावर पहिला शेरा माझा असतो.

कळावे,

आपला,
ग्रंथपाल
कोल्हापूर