थाळी वाजवली की टोळ शेजाऱ्याकडे जातो

प्रति,
मा. श्री. शिवराजसिंह चौहान,
केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

मी वरुड तालुक्यातला संत्रेवाला. आमच्या बगीच्यापासून मध्य प्रदेशची हद्द मोटारसायकलवर अर्ध्या तासाची. सोयरिकी पांढुर्णा-सौंसरपर्यंत पसरलेल्या, तिकडच्या बाजारात अजून मराठीतच घासाघीस चालते. त्यामुळे आपल्याला मराठीत पत्र लिहिताना संकोच वाटत नाही. शिवाय ज्या पाहुण्याबद्दल लिहायचं आहे तो आपल्याच राज्यातून आमच्याकडे उतरला होता, आणि तेव्हा तिथले मुख्यमंत्री आपण होतात.

मे २०२० चा शेवटचा आठवडा. लॉकडाऊन होतं, ऊन पंचेचाळीसच्या वर. दुपारी पांढुर्ण्याहून मेहुण्याचा फोन आला, "टोळ निघाले तुमच्याकडे." मी हसलो. टोळधाड हा शब्द आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत घुसलेल्या पोरांसाठी वापरतात. खरी टोळधाड माझ्या वडिलांनीही पाहिली नव्हती. आजोबा सांगायचे तेवढंच. मी एका सरकारी कार्यालयात फोन लावला तर पलीकडून विचारणा झाली, "नाकतोडेच असतील ना?"

संध्याकाळच्या आत आवाज आला. टिनाच्या छपरावर बारीक पाऊस पडावा तसा. मग उन्हाचा रंग मळकट झाला. आंबिया बहराची फळं तेव्हा लिंबाएवढी होती, झाडांना नवती फुटलेली. अख्खं गाव वावरात धावलं. मार्चमध्ये करोनासाठी वाजवलेल्या थाळ्या पुन्हा बाहेर निघाल्या, पत्र्याचे पिंप निघाले, कोणी कुटार आणि कडुनिंबाचा पाला पेटवून धूर केला. लग्नं रद्द झाल्याने घरी पडून असलेला डीजे एकाने ट्रॅक्टरवर चढवून आणला. टोळ उठले आणि शेजाऱ्याच्या बगीच्यात जाऊन बसले. शेजाऱ्याने त्याच्या थाळ्या वाजवल्या, ते परत माझ्याकडे आले. दोन तास आम्ही एकमेकांकडे टोळ हाकलत होतो. अंधार पडल्यावर ते झाडांवर शांत बसले, तेव्हा आम्हीही दमून जेवायला गेलो.

चूक तिथेच झाली. टोळ रात्री उडत नाही. पहाटेपासून ऊन अंगावर येईपर्यंत तो फांदीवर गारठून बसलेला असतो आणि मारायची वेळ तीच. हे आम्हाला कृषी सहायकाने सांगितलं. तो बिचारा पहाटे तीनला बॅटरी घेऊन आला, मागे नगरपालिकेचा बंब आणि दोन ट्रॅक्टरचे फवारे. सकाळी झाडाखाली चालताना चपलेखाली कुरकुर वाजत होतं. एक टोळ हातात घेतला तर गुलाबी निघाला. आम्हाला वाटलं, औषधाने रंग बदलला असेल. कृषी सहायकालाही तसंच वाटलं. पुढे कधीतरी वाचनात आलं की झुंडीतला गुलाबी टोळ कोवळा असतो, भुकेला, दूर उडणारा. पिवळा झाला की तो अंडी घालायला टेकतो. म्हणजे माझ्या तळहातावर तेव्हा पुढच्या महिन्याचा अंदाज बसलेला होता आणि वाचता कोणालाच आला नाही.

माझं नुकसान फार झालं नाही, हेही खरं सांगतो. नवती गेली, विहिरीजवळचा भाजीचा तुकडा साफ झाला. झुंड पुढे आष्टी-काटोलकडे आणि तिथून भंडाऱ्याकडे सरकली. त्यामुळे हे पत्र भरपाईसाठी नाही.

पत्र यासाठी की तो टोळ वरुडला पोचायच्या दोन वर्षं आधी निघाला होता. मे २०१८ मध्ये मेकुनू नावाचं चक्रीवादळ ओमानच्या सलालाजवळ धडकलं, ऑक्टोबरमध्ये लुबान आलं. अरबस्तानातलं रुब अल खाली नावाचं वाळवंट, जिथे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, तिथे वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. ओल मिळाली, हिरवं उगवलं, टोळ वाढू लागला. त्याची एक पिढी साधारण तीन महिन्यांची, आणि चांगल्या ओलीत प्रत्येक पिढीला संख्या वीसपट होते. तीन पिढ्यांचा हिशेब आपणच मांडा: आठ हजार पट. तिथे माणसांची वस्ती नाही, लगतच्या येमेनमध्ये युद्ध. पाहायला कोणी गेलंच नाही. २०१९ च्या सुरुवातीला झुंडी येमेनमध्ये आणि इराणमध्ये उतरल्या, मे-जूनपर्यंत जैसलमेरला. दुसऱ्या फांदीने सोमालिया, इथिओपिया, केनिया खाल्ला. केनियाने सत्तर वर्षांत असं पाहिलं नव्हतं. एक चौरस किलोमीटरची झुंड म्हणजे चार ते आठ कोटी टोळ, आणि एवढी छोटी झुंड एका दिवसात ३५,००० माणसांचं अन्न फस्त करते. पाकिस्तानने २०२० च्या सुरुवातीला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्या वसंतात बलुचिस्तानात वाढलेली पिढी एप्रिलमध्ये राजस्थानात आली, मे महिन्यात नीमच-मंदसौरला आणि तिथून आमच्या बगीच्यात.

टोळ आमच्याकडून पुढे गेल्यावर आठवडाभरातच, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. कोकणातल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. समुद्र तोच, अरबी. तो तापतो आहे आणि वादळं वाढत आहेत, हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ बऱ्याच दिवसांपासून सांगत आहेत. वादळ म्हटलं की आपण कोकणाकडे बघतो. पण तेच वादळ ओमानकडे वळलं, तर दोन वर्षांनी त्याची किंमत विदर्भात मोजावी लागू शकते, हे कुठल्या खात्याच्या फायलीत लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही.

ज्यांनी हे फार आधी ओळखलं होतं त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. टोळ इशारा संघटना १९३९ ची. मुख्यालय दिल्लीत आणि उपकेंद्र कराचीत, कारण टोळ सिंधमधून येतो हे तेव्हाही ठाऊक होतं. देशाची फाळणी झाली, कराची पलीकडे गेली. टोळाचा रस्ता मात्र तोच राहिला. म्हणून १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, छत्राखाली भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान या चार देशांचा टोळ आयोग उभा राहिला. पुढे राजस्थानातलं मुनाबाव आणि सिंधमधलं खोखरापार इथे दोन्हीकडचे टोळ अधिकारी पावसाळ्याच्या महिन्यांत भेटू लागले. कुठे किती पिल्लं दिसली, वारा कुठला, फवारणी कुठपर्यंत झाली. त्या बैठकांची छायाचित्रं कधी पहिल्या पानावर आली नाहीत, आणि तेच बरं झालं. २०२० मध्ये करोनामुळे भेटणं बंद झालं तेव्हा या चार देशांचे तांत्रिक अधिकारी पडद्यावर आठवड्याला बोलत होते. त्याच जूनमध्ये आपल्या एचआयएल या सरकारी कंपनीने २५ टन मॅलॅथिऑन इराणला पाठवायचं ठरलं. टोळ इराणात मरावा म्हणून औषध भारताने दिलं. माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात शहाणा खर्च तोच.

आमच्या जुन्या लोकांनी शेतीवरच्या संकटांची, ईतींची, यादी केली आहे: अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट. आणि शेवटचं सहावं नाव आहे शेजारच्या राजाचं! टोळ आणि शेजारचा राजा एकाच यादीत. त्या काळी यातून सोडवणूक नव्हती. आज पहिल्याचा बंदोबस्त दुसऱ्याशी बोलल्याशिवाय होत नाही, ही खरी अडचण आहे.

म्हणूनच विनंती. शेजाऱ्याशी संबंध कसे ठेवायचे हे दिल्लीने ठरवावं, त्यात संत्रेवाल्याने बोलू नये. बाकी सगळं बंद असलं तरी टोळाची माहिती या दारातून त्या दारात जात राहील, एवढी फट ठेवा. थेट नको असेल तर एफएओमार्फत, पण दर आठवड्याची. इराणशी ठरलेलं औषधाचं सहकार्य संकटाच्या जूनपुरतं राहू नये; त्याचा कायमचा करार असावा. आणि सोमालियाने २०२० मध्ये मेटारायझियम या बुरशीवर बनवलेलं जैविक औषध मोठ्या क्षेत्रावर वापरलं. ते फक्त टोळवर्गीय किड्यांवर चालतं, मधमाशीला त्रास देत नाही. आमच्या बगीच्यात त्या पहाटे क्लोरपायरीफॉस हे रासायनिक औषध मारलं गेलं, विहिरीच्या काठापर्यंत, आणि नंतर कित्येक दिवस मधमाशी दिसली नाही. आफ्रिकेतला तो अनुभव इथे आणायला अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे, नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे. तिथल्या दोन-चार तरुण शास्त्रज्ञांना दरवर्षी टोळ आयोगाच्या प्रशिक्षणाला पाठवा. आजवर टोळाचं सगळं काम राजस्थान-गुजरातच्या वाळवंटातल्या टोळ कार्यालयांभोवती राहिलं. २०२० मध्ये टोळ दहा राज्यांत पोचला हे आपल्याच मंत्रालयाने सांगितलं आहे.

अमेरिकन लष्करी अळीचंही हेच झालं, तेवढं सांगून हा विषय सोडतो. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत सापडली, २०१८ मध्ये शिवमोग्याला, आणि त्याच वर्षी आमच्या मक्यात. मधली दोन वर्षं आफ्रिकेतला शेतकरी तिच्याशी झुंजत होता. त्याने काय केलं, काय फसलं, हे मराठीत छापलेलं पान मक्यावाल्याच्या हातात अळीच्या आधी पडलं असतं तर निदान पहिला हंगाम वाचला असता.

मला स्वतःला भीती आहे ती विसरण्याची. १९९३ च्या मोठ्या प्रादुर्भावानंतर २५ वर्षं तशी मोठी धाड आली नाही. अशा काळात टोळवाल्यांच्या जागा रिकाम्या राहतात, गाड्या जुन्या होतात, आणि एखादा हिशेबी बाबू विचारतो की न आलेल्या किड्यावर एवढा पैसा कशाला. २०२० मध्ये ऐन धाडीत इंग्लंडहून फवारणी यंत्रं मागवावी लागली, टाळेबंदीत ती अडकली. तेव्हा ड्रोनने फवारणी करून आपण चांगलं काम केलं, हे नाकारत नाही. पण आमचा कृषी सहायक आता बदलून गेला. नव्याला गुलाबी आणि पिवळ्यातला फरक विचारला तर तो मोबाईल काढतो, आणि मोबाईलवर जे येतं ते इंग्रजीत असतं.

तर शेवटची मागणी छोटी आहे. दर एप्रिलला, मृगाच्या कामांची घाई सुरू व्हायच्या आधी, हद्दीवरच्या तालुक्यांत एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवा. वरुड, मोर्शी, काटोल, आणि पलीकडे पांढुर्णा. दोन्ही राज्यांचे कृषी सहायक एकत्र बसवा, म्हणजे पुढच्या वेळी बातमी मेहुण्याच्या फोनवर अवलंबून राहणार नाही. जोधपूरच्या टोळ कार्यालयातून टोळ ओळखणारा एक माणूस पाठवा, बाटलीत दोन टोळ घेऊन, एक गुलाबी आणि एक पिवळा. सभागृह ग्रामपंचायत देईल, चहा-नाश्ता आमच्याकडे. मृग बहराची संत्री तेव्हा उरली असली तर एक पेटी परतीच्या गाडीत ठेवू.

आपला,
वरुड तालुक्यातला एक संत्रा उत्पादक